बाद होण्याआधीचे चार चेंडू

क्रिकेटची क्षणचित्रे मीही पाहतो, आवडीने पाहतो; पण ती पाहताना एक गोष्ट नेहमी खटकते. त्यांत प्रेक्षकांत जाऊन पडलेला षटकार दिसतो, उखडलेली यष्टी दिसते, झेपावून टिपलेला झेल दिसतो. मात्र त्याआधीचे जे तीन-चार चेंडू असतात, ज्यांवर धाव निघालेली नसते आणि कुणी बादही झालेले नसते, ते सगळे कात्रीखाली गेलेले असतात. माझ्या मते खेळाची खरी रंगत त्या कापलेल्या चेंडूंत असते. फलंदाजी असो वा गोलंदाजी, ती पाहणाऱ्याला जागचे हलू देत नाही ते तिच्यात समोरच्याची ताकदही दिसत असते म्हणून. एकाने टाकलेला पेच आणि दुसऱ्याने त्याची केलेली सोडवणूक दोन्ही डोळ्यांसमोर घडत असतील, तरच पाहण्यात मजा.

सेंट्रल मैदानाच्या कुंपणाशी उभे राहून फुकटात क्रिकेट पाहणाऱ्यांची ठाण्यात एक जमातच आहे आणि मी तिच्यातला. तिथे एकदा एक डावखुरा फिरकी गोलंदाज पाहिला. वय पन्नाशीच्या आसपास, पोट सुटलेले, धाव जेमतेम चार पावलांची. समोर विशीतला, चांगल्या तयारीचा उजव्या हाताचा फलंदाज होता आणि तीस धावांच्या घरात पोहोचला होता. गृहस्थांनी पहिला चेंडू ऑफ यष्टीबाहेर, उंची देऊन टाकला. मुलाने पुढे येऊन तो जमिनीलगत कव्हरकडे, म्हणजे ऑफ बाजूला समोर उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाकडे, मारला. त्यानंतर त्यांनी कव्हरला हाताने खुणावून चांगली पाच-सहा पावले बाजूला सरकवले. कुंपणाजवळच्या आम्हा रिकामटेकड्यांपैकी एकाने लगेच नापसंती व्यक्त केली, कारण आता एक्स्ट्रा कव्हरला दार उघडे पडले होते. दुसरा चेंडू पहिल्यासारखाच आला आणि मुलाने तो त्याच मोकळ्या जागेतून सीमापार धाडला. टाळ्या पडल्या. तिसरा चेंडू सपाट, वेगात, थेट यष्टीवर होता. मुलाने तो बॅट सरळ ठेवून थोपवला. चौथा पुन्हा दुसऱ्यासारखा दिसला: तीच उंची, तीच दिशा, तीच मोकळी जागा. फरक एवढाच की या वेळी गृहस्थांनी चेंडू क्रीजच्या, म्हणजे यष्टीपुढच्या पांढऱ्या रेषेच्या, हातभर मागून सोडला होता. मुलगा मघाच्याच अंदाजाने पुढे झेपावला, चेंडू त्याच्या अपेक्षेपेक्षा अलीकडे पडला, वळला आणि बॅटला न लागता यष्टिरक्षकाच्या हातात गेला. गुणफलकावर ‘यष्टिचीत’ एवढीच नोंद झाली असणार. त्या नोंदीतून ना सरकवलेला कव्हर दिसतो, ना जाणूनबुजून देऊ केलेला चौकार. आणि मुलाचेही कमी कौतुक नाही. तो दुसरा चेंडू इतक्या सफाईने मारू शकला नसता, तर त्याच्यासाठी सापळा लावण्याची गरजच पडली नसती.

हेच नाट्य वेगवान गोलंदाजीत इतक्या कमी वेळात घडते की ते समजून घ्यायला थोडे गणित करावे लागते. खेळपट्टी यष्टीपासून यष्टीपर्यंत २२ यार्ड, म्हणजे २० मीटरच्या किंचित वर. पण गोलंदाज आणि फलंदाज दोघेही आपापल्या क्रीजपाशी असल्यामुळे चेंडूला प्रत्यक्षात साधारण साडेसतरा मीटरच कापायचे असतात. ताशी १४० किलोमीटरच्या वेगाला त्यासाठी अर्धा सेकंद पुरतो. त्यातला बराच भाग डोळ्यांनी चेंडू टिपण्यात आणि मेंदूने हातापायांना हुकूम देण्यात जातो, त्यामुळे चांगला फलंदाज चेंडू येईपर्यंत थांबत नाही. तो गोलंदाजाच्या मनगटावरून, खांद्यावरून आणि मुख्य म्हणजे आधीच्या चेंडूंवरून अदमास बांधून खेळतो. गोलंदाजाला हा अदमासच हवा असतो.

२०१८च्या मेलबर्न कसोटीतला जसप्रीत बुमराहचा शॉन मार्शला टाकलेला चेंडू याचा उत्तम दाखला आहे. तिसऱ्या दिवशी उपाहाराआधीचा तो शेवटचा चेंडू. तोवर १४०च्या आगेमागे चेंडू टाकणाऱ्या बुमराहने, मिडऑफला उभ्या असलेल्या रोहित शर्माच्या सुचवण्यावरून, हाताचा वेग तसाच ठेवून संथ यॉर्कर, म्हणजे थेट पायाशी पडणारा चेंडू, टाकला. तो हाताएवढ्याच वेगाने येईल या हिशेबाने मार्शची बॅट खाली आली. चेंडू मात्र आणखी एक दशांश सेकंद हवेतच राहिला, बुडाला आणि बुटावर आदळला. पायचीत. त्या डावात बुमराहने ३३ धावांत ६ बळी घेतले. एक दशांश सेकंद म्हणजे पापणी लवण्याइतकाही वेळ नव्हे, तरीही दूरदर्शन संचासमोर बसलेल्या माझ्यासारख्याला तो उशीर स्पष्ट दिसला, कारण सकाळपासूनच्या चेंडूंनी माझ्याही डोळ्यांत तोच वेग बसवला होता. नुसती चित्रफीत पाहणाऱ्याला तो एक मंद यॉर्कर वाटतो; सकाळपासून सामना पाहणाऱ्याला त्यात मार्शइतकाच धक्का बसतो.

फलंदाजीत हीच गोष्ट उलट्या बाजूने दिसते. सचिन तेंडुलकरची २००४ सालच्या जानेवारीतली सिडनीची नाबाद २४१ धावांची खेळी आठवा. त्या मालिकेत ऑफ यष्टीबाहेरच्या चेंडूला ड्राइव्ह करताना तो बाद होत होता, म्हणून त्याने आपला सर्वांत देखणा फटका, कव्हर ड्राइव्ह, जवळपास पूर्णपणे कपाटबंद करून टाकला. ४३६ चेंडू तो खेळला. ऑस्ट्रेलियाचे गोलंदाज बाहेर चेंडू टाकून त्याला बोलावत राहिले आणि तो सोडत राहिला. शेवटी कंटाळून त्यांनाच दिशा यष्टीकडे आणावी लागली आणि तशी ती आली की तो पायावरून ऑनला धावा वसूल करत होता. त्या खेळीत नेत्रसुख कमी होते अशी तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे. मला ती मान्य नाही. जो फटका खेळायचा नाही असे ठरवले आहे, त्याचे निमंत्रण पुन्हा पुन्हा येत असताना नकार देत राहणाऱ्या माणसाकडे पाहण्यात जो ताण आहे, तो कित्येक शतकांत मिळून सापडत नाही.

आमच्या आधीच्या पिढीतले लोक, विशेषतः नौपाड्यातले माझे एक शेजारी काका, या विषयावर बोलताना हमखास सुनील गावसकरांच्या शेवटच्या कसोटी डावावर येतात. मार्च १९८७, बेंगळुरूचे चिन्नास्वामी स्टेडियम, समोर पाकिस्तान. संपूर्ण कसोटीत चारही डाव मिळून ७१४ धावा झाल्या, पाकिस्तानचा पहिला डाव ११६ धावांत आटोपला होता, मणिंदर सिंगने त्यात २७ धावांत ७ बळी घेतले होते. भारताला जिंकायला २२१ धावा हव्या होत्या. चेंडू हातभर वळत होता, एखादा अचानक उसळत होता, आणि डावखुरा इक्बाल कासिम व ऑफस्पिनर तौसीफ अहमद दोन्ही टोकांकडून हलायलाच तयार नव्हते. गावसकर पाच तासांहून अधिक काळ तिथे उभे राहिले. त्या खेळीत पाहण्यासारखे होते ते हात: चेंडू टप्पा पडून वळेपर्यंत थांबायचे, बॅट शरीराजवळ ठेवायची आणि पकड इतकी सैल सोडायची की कडेला लागलेला चेंडूसुद्धा जवळच्या क्षेत्ररक्षकापर्यंत न पोहोचता पायापाशी मरून पडेल. ९६ धावांवर कासिमच्या चेंडूवर स्लिपमध्ये झेल गेला आणि भारत १६ धावांनी हरला. काका म्हणतात, "अरे, शतक हुकलं म्हणून नाही रे, तो गेला म्हणजे सामना गेला हे सगळ्या स्टेडियमला त्याच क्षणी कळलं होतं." एका फलंदाजावर इतके सगळे टेकलेले असते तेव्हा त्याने नुसता सोडून दिलेला चेंडूही श्वास रोखून पाहिला जातो.

याच चिन्नास्वामीवर १५ एप्रिल २०२४ रोजी आयपीएलचा एक सामना झाला. सनरायझर्स हैदराबादने २० षटकांत २८७ धावा केल्या, बंगळुरूने उत्तरादाखल २६२ केल्या. चाळीस षटकांत ५४९ धावा आणि ३८ षटकार. म्हणजे जवळपास प्रत्येक षटकाला एक. माझा घणसोलीला राहणारा भाचा तो सामना आयुष्यातला सर्वोत्तम सामना म्हणून सांगतो.

"मामा, अडतीस सिक्स! तुला अजून काय पाहिजे?"

"त्यातला विसावा कोणी मारला ते सांग."

त्याला सांगता आले नाही, अर्थात मलाही आले नसते. प्रश्न थोडा कपटी होता हे कबूल. पण मुद्दा तोच आहे. षटकार म्हणजे गोलंदाज, क्षेत्ररक्षक आणि सीमारेषा या तिघांवर एकदम मात करणे. पाटा खेळपट्टी, जवळ ओढलेल्या सीमारेषा, जाड कडांच्या बॅटी आणि बदली खेळाडूच्या नियमाने लांबलेली फलंदाजीची फळी एकत्र आली की गोलंदाजापाशी चुकवण्यासारखे काही उरतच नाही आणि मग षटकार मात राहत नाही, नोंद होते. यात त्या फलंदाजांचे कौशल्य कमी असते असे मुळीच नाही. ३५ चेंडूंत ८३ धावा करणाऱ्या दिनेश कार्तिकने त्या रात्री जे फटके खेळले ते कुणी सहज खेळून दाखवावेत. तक्रार आहे ती त्यांना मिळालेल्या प्रतिस्पर्ध्याबद्दल. आपल्या कल्याणच्या मैदानावर २०१६च्या जानेवारीत एका शाळकरी मुलाने नाबाद १००९ धावा केल्या, ३२७ चेंडूंत; जगभर बातमी झाली आणि मुलाच्या दमसासाला दाद द्यावी तेवढी थोडीच. पण समोरचा संघ पहिल्या डावात ३१ धावांत गारद झालेला होता. तो विक्रम वाचायला विलक्षण आहे. तो पाहत बसायला किती जणांना आवडले असते, हा प्रश्न वेगळा.

गोलंदाजाच्या हातातली हत्यारे काढून घेतली की काय होते याचा अनुभव एकदिवसीय सामन्यांनी घेतलेला आहे. २०११ साली दोन्ही टोकांकडून दोन वेगळे नवे चेंडू वापरण्याचा नियम आला आणि प्रत्येक चेंडू जेमतेम पंचवीस षटके वापरला जाऊ लागला. एक बाजू खरखरीत, दुसरी घासून तुकतुकीत राखलेली असा जुना चेंडू वेगात टाकला की तो नेहमीच्या उलट दिशेला वळतो. हा रिव्हर्स स्विंग चेंडू जुना झाल्याशिवाय येत नाही. तो गेला आणि शेवटच्या दहा षटकांतली चुरस पुष्कळशी एकतर्फी झाली. २०२५मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यांत ३४ षटकांनंतर एकच चेंडू ठेवण्याचा नियम केला, ही उशिरा सुचलेली का होईना, शहाणपणाची गोष्ट आहे.

दोन्ही बाजूंना सारखी हत्यारे असली की काय घडते, हे नवी मुंबईकरांनी त्याच वर्षी घरबसल्या नव्हे, घराजवळ पाहिले. महिला विश्वचषकाचा उपांत्य सामना, ३० ऑक्टोबर, नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम. ऑस्ट्रेलियाने फीबी लिचफिल्डच्या ११९ धावांच्या जोरावर ३३८ केल्या होत्या. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये एवढा पाठलाग तोवर कुणी केला नव्हता. मी वरच्या गॅलरीत होतो, आणि दोन बळी ५९ धावांवर गेले तेव्हा माझ्या रांगेतले लोक ठाण्याला जाणारी कुठली गाडी मिळेल याची चर्चा करू लागले होते.

जेमिमा रॉड्रिग्जने त्या रात्री १३४ चेंडूंत नाबाद १२७ धावा केल्या आणि त्यांत एकही षटकार नव्हता. हा आकडा मला त्या खेळीतला सर्वांत बोलका वाटतो. वरून पाहताना तिचा सगळा डाव नकाशासारखा उलगडत होता. ऑस्ट्रेलियाचे क्षेत्ररक्षण हलले की पुढच्या एक-दोन चेंडूंत नेमकी रिकामी झालेली जागा ती शोधत होती. कव्हर मागे गेला की एकेरी धाव तिथे, स्क्वेअर लेग आत आली की तिच्या बाजूने चौकार. हे असे षटकामागून षटक चालले. दुसऱ्या टोकाला हरमनप्रीत कौर अंगातली ताकद दाखवत ८८ चेंडूंत ८९ पर्यंत गेली, दोघींनी १६७ धावांची भागीदारी केली, आणि तरीही सामना हातात आला असे एका क्षणालाही वाटू नये अशी गोलंदाजी व कर्णधारी समोर होती. जेमिमाचे झेलही सुटले. पहिला सुटला तेव्हा ती ८२वर होती. सुटलेला झेल म्हणजे नशीब, असे आपण म्हणून मोकळे होतो, पण तो झेल उडण्याइतका दाब गोलंदाजांनी आणला होता, हेही त्यात आलेच. तिने शतकानंतर बॅट उंचावली नाही. माझ्या शेजारच्या काकूंनी, ज्यांनी त्याआधी तासभर शब्द काढला नव्हता, तेव्हा एवढेच म्हटले: "बाई, अजून संपलं नाहीये." ४८.३ षटकांत संपले. गाडीचा विषय नंतर कुणीच काढला नव्हता, मग सगळे एकदम स्थानकाकडे धावले.

तीन दिवसांनी, २ नोव्हेंबरला, त्याच मैदानावरच्या अंतिम सामन्यात बाजू उलटी होती: आता पाठलाग दक्षिण आफ्रिकेचा होता आणि पाहायची होती ती भारताची गोलंदाजी. भारताच्या २९८ धावा पुऱ्या पडतील की नाही, अशा अवस्थेत लॉरा वुलव्हार्ट एका टोकाला अशी खेळत होती की तिच्याकडे पाहून चिंता आणि कौतुक दोन्ही वाटत होते. हरमनप्रीतने शफाली वर्माच्या हाती चेंडू दिला, जी गोलंदाज म्हणून कुणाच्या हिशेबातही नव्हती, आणि शफालीने लागोपाठच्या षटकांत सुने लुस व मारिझान काप यांना काढले. संथ, साधे ऑफस्पिन. नेहमीच्या गोलंदाजांचा सराव झालेल्या फलंदाजांना अनोळखी हाताचा अदमास येईना, एवढेच त्यात होते. पण अदमास चुकवणे हीच तर गोलंदाजी. वुलव्हार्टने शतक पूर्ण केले आणि ४२व्या षटकात दीप्ती शर्माला उंच फटका मारला. अमनजोत कौरच्या हातून चेंडू एकदा निसटला, दुसऱ्यांदा निसटला आणि तिसऱ्या प्रयत्नात हातात राहिला. क्षणचित्रांत हा झेल दाखवतात आणि तो दाखवण्यासारखा आहेच. मला मात्र त्याआधीची षटके आठवतात, ज्यांत आवश्यक धावगती चेंडूगणिक चढत गेली आणि १०१ धावांवरच्या फलंदाजालाही तो उंच फटका खेळणे भाग पडले. दीप्तीने ३९ धावांत ५ बळी घेतले, भारत ५२ धावांनी जिंकला.

मोठ्या मैदानांवरच हे पाहायला मिळते असे नाही. कोपरखैरणे, घणसोली, दिवा, शीळ या पट्ट्यातल्या आगरी-कोळी गावांत थंडी सुरू झाली की टेनिस चेंडूच्या स्पर्धांचा हंगाम भरतो. प्रकाशझोतात सामने, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण, समालोचकाची आगरी ठसक्यातली बडबड आणि मालिकावीराला मोटारसायकल. २०२४च्या मार्चमध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर टेनिस चेंडूच्या इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला, तेव्हा शहरातल्या अनेकांना या खेळाचा शोध लागला; गावांना तो केव्हाच लागलेला होता. टेनिसच्या चेंडूला सीम, म्हणजे उठावदार शिवण, नाही, वजन नाही, चकाकी राखण्याचा प्रश्न नाही. षटके थोडी, त्यामुळे फलंदाज पहिल्याच चेंडूपासून बॅट फिरवतो. वरकरणी गोलंदाजावर अन्याय करणारा याहून मोठा प्रकार नाही. तरीही इथे गोलंदाज जगतात, ते केवळ यॉर्कर, वेगातला बदल आणि क्षेत्ररक्षणाची मांडणी या तीन गोष्टींवर. शेवटच्या षटकात दहा-बारा धावा हव्या असताना एखादा पोरगा लाँगऑनला, म्हणजे आपल्या पाठीमागे सीमारेषेवर उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाला, वर बोलावतो आणि फलंदाजाच्या डोळ्यांदेखत सरळ षटकाराची वाट मोकळी करतो; फलंदाज आता डोके चालवू लागतो की हा यॉर्कर टाकणार, की यॉर्कर टाकणार असे भासवून आखूड टाकणार. अशा वेळी भाचा फलंदाजाचे पाय पाहतो. मी लाँगऑनकडे पाहतो. गोलंदाज धाव घेत असताना तो क्षेत्ररक्षक गुपचूप मागे सरकू लागला, तर चेंडू आखूड आणि संथ येणार, हे मला फलंदाजाच्या आधी कळते, आणि तेवढ्यासाठी मी गोलंदाजाच्या पाठीमागची, साइटस्क्रीनलगतची उभी राहायची जागा सोडत नाही.